वाकळेतला घास

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, १८ डिसेंबर २०२४

चि. गुरुस अ. उ. आ.

फोनवर तू ‘हो अक्का’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहिते. तुझी भेट पोचली. अव्वाच्या वाकळेचा वीतभर तुकडा काचेत, खाली इंग्रजीत तिचं नाव. शेजारच्या सिद्धेश्वरीनं विचारलं, तुमच्या आईला बक्षीस कशाचं मिळालं होतं.

पुण्याच्या स्टुडिओवाल्यानं वाकळेचे आठ तुकडे केले, तेव्हा तू समोर बसून कॉफी पीत होतास, असं शिवानीच बोलून गेली. बायकोला तरी लाज वाटली म्हणायची. जुन्या इरकली लुगड्यांची ती वाकळ. शेवटचा टाका घालण्याआधी अव्वानं आपल्या दोघांना एकाच भाकरीचा घास चावायला लावला आणि उरलेला कोपऱ्यात शिवला. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणायची. तू चार वर्षांचा होतास, तुला काय आठवणार.

मला तो कोपरा हवा आहे. बाकीच्या आठवणी टांग तुझ्या हॉलमध्ये.

लोभ आहेच, राग उतरला की दिसेल.
शिवलीला


पुणे, २६ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

कोपरा नाही. आत काहीतरी किडलंय, टाकू का, असं स्टुडिओवाल्यानं विचारलं आणि मी टाका म्हणालो. चुकलो.

पण अव्वाच्या दिवसकार्यानंतर ती वाकळ तूच भांड्यांच्या बदल्यात भांडीवालीपुढे टाकलीस. तिनंही असलं फाटकं आमी न्हाय घेत म्हणून परत सारली. मी उंबऱ्यावरून उचलली. तिला अव्वाचा वास होता. पुन्हा कुणी टाकू नये म्हणून काचेत घातली. शिवानी हे लिहू नका म्हणत होती.

रागासकट लोभ असू द्यावा.
गुरु


सोलापूर, ३ जानेवारी २०२५

चि. गुरुस अ. आ.

भांडीवालीचं खरं आहे. अव्वा वर्षभर अंथरुणात होती. ती वाकळ मी रोज धुतली. अव्वा गेल्यावर मला वाकळेकडे बघवेना. तू महिन्यातून एकदा येऊन तासभर बसायचास, म्हणून तुला तो वास गोड लागला. वाकळ घरातून गेल्यावर मात्र मी रोज रडले, कोपऱ्यासाठी.

माझी काच मी पेचकसानं काढली. तुझे सात तुकडे भोगीला घेऊन ये, फ्रेमा तिकडेच ठेव. मी शिवते, तू सुईत दोरा ओव, मला आता दिसत नाही. तीळ लावून बाजरीची भाकरी करते. घास दोघांनी चावायचा आहे. या वेळी तरी लक्षात ठेव.

तुकड्यांसकट आलास तर लोभ वाढेल.
अक्का