पाटी कोणी काढली

५ जानेवारी
विजेच्या लाइनकामाच्या वर्गात नाव घातलं. अकरा पुरुष आणि मी एकटी बाई. दहा वर्षं शिलाई मशीनवर मान खाली घालून बसले, आता मान वर करून काम करायचं, असं फोनवर आईला म्हटलं तर ती हसता हसता रडायलाच लागली. कॉलेजमागे सरावाचं मैदान आहे. सात खांब, वर तारा, पण त्यांना वीज कुठूनच जोडलेली नाही. वर्गात सगळ्यात वयस्कर आहेत त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी मला कमरेचा पट्टा आवळायला शिकवलं आणि वर बजावलं, की पडलीस तर माझ्या अंगावर पडू नकोस.

८ जानेवारी
मैदान झाडायची पाळी माझी. सातव्या खांबाच्या स्विचपेटीला एक गंजकी पाटी लटकत होती : ‘वर माणूस आहे. चालू करू नका.’ वर चिटपाखरू नव्हतं. काढली आणि भंगारात टाकली. मैदान कसं लख्ख दिसायला लागलं.

१० जानेवारी
सरांनी आज नियम शिकवला. चढण्याआधी स्विच बंद करून पाटी लावायची. ज्याने लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मी जुन्या पाटीचं सांगितलं. सरांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं. ती पाटी त्यांच्या लाइनवरच्या जोडीदाराची होती. तेव्हा मैदानात वीज होती. कोणीतरी पाटी न बघता स्विच ओढला. तो काही जिवंत खाली आला नाही, म्हणून बारा वर्षं पाटी तशीच. दुपारी आम्ही दोघांनी भंगार उपसायचं ठरवलं. गाडी सकाळीच सगळं घेऊन गेली होती.

१३ जानेवारी
सातव्या खांबाच्या तारा गुणगुणतात. वारा नाही. मामा म्हणाले, मधमाश्या असतील. मी टेस्टर लावून पाहिला. वीज नाही.

१४ जानेवारी
मामा गेले. भरदुपारी, सातव्या खांबावर. त्याआधी तारा मीच तपासल्या होत्या. चढा म्हणून मीच सांगितलं. डॉक्टर म्हणतात, विजेचा धक्का. कुठली वीज?

१६ जानेवारी
नवी पाटी रंगवून सातव्या खांबाकडे नेली. तीनदा बांधली. तिन्ही वेळा वळून पाहिलं तर खाली. दोरी तुटलेली नाही, गाठ सोडलेली.
मग वरून आवाज आला, “खाली कोण आहे?”
सवयीने तोंडातून निघून गेलं, “मी आहे.”

१७ जानेवारी
सरांच्या घरी जाऊन त्या आवाजाचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की उत्तर दिलंस का. हो म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं.

१८ जानेवारी, सकाळ
माझ्या खिडकीसमोरच्या खांबावरून कोणीतरी उतरतंय. लोखंडावर बूट — एकेक पायरी. रस्त्यावर माणसं आहेत. एकही वर बघत नाही —

जिन्यात गुणगुण. स्विच बंद आहे तरी दिवा पेटलाय —

दाराशी आला. विचारतोय, पाटी कोणी काढली. सरांचं नाव घेतलं तर कदाचित तिकडे — नको. मामा गेले तेवढे पुरे. सांगते. मी का