चाळीसला दोन, साठला साडेतीन

५ जानेवारी १९७०

शून्य, शून्य, शून्य... अशी नऊ शून्यं! एकाखाली एक, पट्टीने आखलेल्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात. आणि खाली निष्कर्ष — 'नो डिफ्लेक्शन'. काटा हलला नाही. संपलं!

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाची पस्तीस जर्नलं तपासली. चौतीस जर्नलांत काटा शहाण्यासारखा हललाय. या एका वच्छला सांडू बनकरच्याच जर्नलात त्याला काय धाड भरली कोण जाणे. देवगाव रंगारीची मुलगी. पहिल्या बाकावर बसते, तोंड कधी उघडत नाही. उघडलं तर हे!

आणि मी इतकं छान शिकवलं होतं. तांब्याची तार, लोखंडाची तार, दोन्ही टोकांना जोडायची. एक सांधा बर्फात, दुसरा गरम तेलात. बॅटरी नाही, डायनामो नाही, नुसत्या गरम-गारच्या फरकावर तारेतून वीज वाहू लागते आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा हलतो. सीबेकचा परिणाम! हे सांगताना माझाच आवाज जरा घोगरा होतो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा दोन मिनिटं गप्प बसतात.

लाल शाईने लिहिलं — 'रिपीट'.

९ जानेवारी

बनकरने रिपीट केलं. आता अठरा शून्यं झाली.

१० जानेवारी

बोलावून घेतलं. म्हणाली, 'सर, चार वेळा केलं. बर्फ बदलला, तारा घासल्या. नाही हलला.'

मी आवाज चढवला, 'मग बाकीच्यांचा कसा हलला?'

'ते त्यांना विचारा ना सर.'

यात उद्धटपणा अजिबात नव्हता, हेच वाईट. असता तर वर्गाबाहेर काढून मोकळा झालो असतो.

१२ जानेवारी

बाकीच्यांना विचारलं. सगळे खाली बघायला लागले. एकजण म्हणाला, 'फकिराभाऊंना विचारा सर.'

फकिरा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. निजामाच्या राज्यापासून इथं औरंगाबादेत आहे. लिहिता-वाचता येत नाही, पण कुठली तार कुठल्या खणात ते झोपेत सांगेल. बर्फ फॅक्टरीतून तोच आणतो, अर्धा प्रयोगाला, अर्धा स्वतःच्या माठाला. आज तेल तापवत होता. शेंगदाण्याचं तेल! सगळ्या व्हरांड्यात असा वास सुटतो, की ऑफिसातले कारकून भजी झाली का विचारायला येतात.

मी म्हटलं, 'फकिरा, हा गॅल्व्हनोमीटर चालतो का?'

'त्यो? त्यो कशाचा चालतो साहेब! जर्मन हाय. निजाम गेला तवापासून त्यानं मान हलवली नाय.'

म्हणजे अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपासून बंद! बावीस वर्षं!

'मग मुलं आकडे कुठून लिहितात?'

फकिराने हातातली पळी खाली ठेवली, डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं सुरू केलं — 'चाळीसला दोन, साठला साडेतीन, ऐंशीला पाच, शंभरला साडेसहा, एकशेवीसला पावणेआठ...' थेट दोनशेपर्यंत. एकदाही अडखळला नाही. कुणा जुन्या मास्तरांनी यंत्र चालू असताना घेतलेले आकडे. याने ऐकून पाठ केलेत. शिवाय माणसागणिक अर्धा-पाव इकडेतिकडे करून देतो. 'सगळ्यांचं सारखं आलं तर परीक्षकाला शंका येती ना साहेब.' आपल्याकडे चुकांच्या शास्त्रावर वेगळा पेपर आहे. तो मी शिकवतो. फकिरा तो करतो!

मी कपाळाला हात लावला. तर म्हणतो कसा, 'तुमालाबी म्याच सांगितले व्हते की. तुमी लई घाई करायचे. एकशेसाठच्या म्होरं थांबलाच न्हाईत.'

खरंय. सन चौसष्ट, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले होते. इथं येऊन नऊ वर्षं झाली — पाच शिकलो, चार शिकवतोय — आणि तो काटा हललेला मी एकदाही पाहिलेला नाही. शिकवताना आवाज मात्र घोगरा होतो!

१५ जानेवारी

तात्यासाहेबांकडे गेलो. आमचे विभागप्रमुख. त्यांच्या काचेच्या कपाटात नवा कोरा गॅल्व्हनोमीटर आहे. चार वर्षांपूर्वी आला. अजून खोक्यात, गवतासकट. विद्यापीठाची कमिटी आली, की टेबलावर मांडतात. कमिटी गेली, की परत कुलपात.

'तात्यासाहेब, तो जरा प्रयोगाला मिळाला तर...'

'अहो मधुसूदनराव, मुलं मोडतील!'

'पण जुना बंद आहे.'

'मग? कुणाची तक्रार आहे का?'

मी बनकरचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. 'शून्याच्या जर्नलवर सही करू नका. खात्याचं नाव जातं. तिला म्हणावं, चार लोकांसारखं लिही.' मग चष्मा पुसत म्हणाले, 'तुम्हाला कायम करायचं पत्र एप्रिलात माझ्याच हातून जायचंय. लक्षात आहे ना?'

लक्षात आहे. आई रोज सकाळी आठवण करते.

१६ जानेवारी

म्हणजे असं आहे — जर्नलवर सही नाही, तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. बसली नाही, तर नापास. वर्ष गेलं. आणि सही केली, तर माझी नोकरी गेली. एका मेलेल्या काट्यापायी दोन जिवंत माणसं!

२ फेब्रुवारी

बनकरला समजावलं. गोडीत. 'अगं, काटा हलतो हे शास्त्राला माहीतच आहे. तू नुसतं लिहायचं. त्यात खोटं काही नाही.'

ती विचार करून म्हणाली, 'मग प्रयोग कशाला करायचा सर?'

मला एकदम खोकला आला.

३ फेब्रुवारी

खोकला खरा नव्हता.

११ फेब्रुवारी

फकिराही तिच्या मागे लागलाय. 'पोरी, तुला येगळे देतो, खास. पाव-पाव वाढवून.' ती नको म्हणाली. फकिराला फार लागलं. बावीस वर्षांत त्याच्या आकड्यांना नाही म्हणणारं पहिलंच माणूस.

२७ फेब्रुवारी

आज उस्मानपुऱ्यात आमच्या घराच्या दारात एक शेतकरी उभा. पांढरं धोतर, काखेत पिशवी, पिशवीत वांगी. 'मास्तर, म्या सांडू बनकर. वच्छीचा बाप.' आईने पाणी दिलं. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसले.

'पोरगी म्हनती परीक्षेला बसू देनार न्हाईत. तिचं काय चुकलं तेवढं सांगा. म्या समजावतो तिला.'

आता काय सांगू? म्हटलं, 'तिच्या प्रयोगात काटा हलला नाही.'

'म्हंजी तिनं मोडला?'

'नाही नाही. यंत्र आधीपासूनच बंद आहे.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं.

'मग बराबर लिवलंय की तिनं,' सांडूबा म्हणाले. 'आमच्या हिरीवरली मोटार बंद पडती. मंग आमी पानी आलं म्हनत न्हाई, मास्तर. पीक जळंल ना!'

रागावून बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते खरंच समजून घ्यायला आले होते. फार लाज वाटली. ते गेल्यावर आईने वांगी निवडायला घेतली आणि एवढंच म्हणाली, 'माणूस चांगला आहे.' मी चांगला आहे की नाही याबद्दल बोलली नाही.

२८ फेब्रुवारी

सही केली. अठराच्या अठरा शून्यांखाली. पेन हाताला चिकटलं होतं.

२ मार्च

तात्यासाहेबांना कळलं. 'तुम्ही जाणे आणि तुमचं नशीब जाणे.' बस्स. चहाही विचारला नाही.

१६ मार्च

आजच्या आज लिहून काढतो.

प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक नांदेडहून आले होते, अंबेकर म्हणून. बारीक माणूस, मोठी छत्री. आमच्याकडे बारा प्रयोग, प्रत्येकाची एक चिठ्ठी, चिठ्ठ्या डब्यात. विद्यार्थ्याने उचलायची, तो प्रयोग करायचा. अंबेकरांनी आधी डबा टेबलावर पालथा केला आणि चिठ्ठ्या मोजल्या. आजवर कुणी मोजल्या नव्हत्या! अकरा भरल्या.

'बारावी कुठाय?'

फकिरा छताकडे बघायला लागला. वच्छलाच्या हाती ती चिठ्ठी लागू नये म्हणून यानेच खिशात घातली होती, वाचता येत नसताना! (नंतर विचारलं. म्हणाला, 'तिच्यावर तेलाचा डाग व्हता की.')

अंबेकरांनी यादी पाहिली. 'सीबेक नाही यात. हरकत नाही. तो मीच बघतो. तेल तापवा.'

झालं! भज्यांचा वास सुटला. बर्फ आला. पस्तीस पोरं भिंतीला टेकून उभी. तेल चाळीसवर गेलं, साठवर गेलं, शंभरवर गेलं. काटा जागचा हलेना. अंबेकरांनी काचेवर टिचकी मारली. मागे फकिरा सवयीने पुटपुटत होता, 'साठला साडेतीन...' मी त्याच्या पायावर पाय दिला.

तात्यासाहेब पुढे झाले. 'आज हवेत दमटपणा आहे, त्यामुळे...'

औरंगाबादेत! मार्च महिन्यात! ओठ फुटलेत लोकांचे!

अंबेकरांनी जर्नलांचा गठ्ठा ओढला आणि एकेक आलेख बघायला लागले. चौतीस आलेख, सगळे देखणे. पस्तिसावं जर्नल उघडलं आणि तिथंच थांबले. मग माझ्याकडे वळले.

'दोन्हींखाली तुमचीच सही आहे. काटा हलतो यावरही आणि हलत नाही यावरही. तुम्ही स्वतः हललेला पाहिलाय का?'

तात्यासाहेबांनी घसा खाकरला. एप्रिलचं पत्र त्या खाकरण्यात होतं. वच्छला समोर उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. माझ्याकडे बघत नव्हती. तिला माझ्याकडून अपेक्षाच नव्हती, असं मला वाटलं. आणि तेच सहन झालं नाही.

'नाही सर,' मी म्हटलं. 'कधीच नाही. मी इथंच शिकलो, तेव्हाही नाही. चौतीस सह्या खोट्या आहेत. बनकरने खरं लिहिलंय.'

तेल चरचरत होतं.

मग फकिरा! बावीस वर्षं गप्प बसलेला माणूस बोलला, 'सायबाच्या कपाटात नवा हाय जी. गवतात.'

कपाट उघडलं. खोकं आलं. अंबेकर मला म्हणाले, 'जोडा.' आणि मी तारा हातात घेऊन उभा! एम.एस्सी., पहिला वर्ग! कुठली तार कुठे — डोकं रिकामं. शेवटी वच्छला पुढे आली, माझ्या हातातून तारा घेतल्या आणि हळूच म्हणाली, 'सर, टोकं घासायला लागतात आधी.' घासली. जोडली.

आणि काटा हलला.

आधी थरथरला, मग सरकायला लागला. कुणी ढकलत नाही, कुणी शिवत नाही, आणि तो आपला चाललाय! पस्तीस पोरं टेबलावर वाकली. कुणीतरी 'अरे वा!' म्हणालं. ते मीच होतो, असं नंतर कळलं. माझे डोळे भरून आले होते. तेलाच्या धुरामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

एकटा फकिरा नाराज. 'साहेब, ह्यो डावीकडं चाललाय! आन् साठला सात? चुकतंय त्याचं!'

'तारा उलट जोडल्यात, म्हणून डावीकडे,' वच्छला म्हणाली. 'आणि हे यंत्र जास्त नाजूक आहे फकिराभाऊ, म्हणून आकडे मोठे.' अंबेकरांनी विचारायच्या आतच तोंडी परीक्षा झाली तिची.

पण ते माणूस पक्कं. 'उरलेल्या चौतिसांनी आता हाच प्रयोग करायचा. दोघं दोघं.' दिवे लागेपर्यंत चाललं होतं. चौदा बर्फाच्या लाद्या. तेल दोनदा बदललं. ऑफिसातल्या एका कारकुनाने खरोखरच कांदा चिरून आणला होता.

१७ मार्च

तात्यासाहेब बोलत नाहीत. फकिरापण नाही. तात्यासाहेबांचं समजू शकतो.

२० मार्च

फकिरा बोलला. म्हणाला, 'नवे आकडे काय हायत, एकदा सांगा बरं सावकाश.'

मी सांगितले नाहीत. मोह झाला होता.

२४ एप्रिल

पत्र आलं. कायम केलेलं नाही, काढलेलंही नाही. 'आणखी एक वर्ष परीक्षाधीन.' आईला वाचून दाखवलं.

'म्हणजे अजून कच्चाच?'

'हो.'

'असू दे,' म्हणाली, आणि ताटात पोळी वाढली.

९ जून

निकाल. बनकर पास! प्रात्यक्षिकात सत्तेचाळीस. देवगावला तार करणार होतो, पण सांडूबा आधीच दारात. यावेळी पिशवीत भेंडी. खुर्चीवर अगदी मागे टेकून बसले. 'मास्तर, हलला म्हनं!' एवढं म्हणून खूप वेळ हसले. मीही.

२२ जून

कॉलेज उघडलं. आमच्या खात्यात डेमॉन्स्ट्रेटरची जागा होती, तिथं नेमणूक झाली — कुमारी व. सां. बनकर. प्राचार्यांनी परस्पर केली. रुजू करून घेताना तात्यासाहेबांनी पेन दोनदा झटकलं.

माझ्या शेजारचं टेबल त्यांना दिलंय. त्यांनी खुर्ची पुसली, कोरी वही काढली, बाकीच्या अकरा प्रयोगांची नावं एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, 'सर, यातली कोणकोणती यंत्रं चालतात?'

मी म्हटलं, 'आधी चहा घ्या.'