वानरं ओरडली तेव्हा

दिवेआगर,
रविवार

प्रिय सुचे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू दोन वाक्यांत 'जाऊ दे गं ताई' म्हणून मोकळी होतेस. म्हणून आज लिहायलाच बसले.

तर बाई, दांडेलीचं तुझं अभयारण्य पाहून झालं एकदाचं! परत आल्यापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. सुचिमावशीला पावलांचे ठसे कळतात, सुचिमावशी गाईडशी कानडीत बोलते, सुचिमावशीने तीनदा काळा बिबट्या पाहिलाय. आल्या दिवशीच गौरी मला विचारते, आई, तू कधी काही शोधून काढलंयस का गं? म्हटलं, सतरा वर्षं तुझा हरवलेला मोजा शोधतेय. ती हसली, मला मात्र असं झोंबलं म्हणून सांगू! लेकीला ताप आला की उशाशी मी, आणि तिचे डोळे चमकणार मावशीच्या नावाने. हेवा वाटतो गं मला तुझा. बाबा तुझी चित्रं भिंतीवर लावायचे तेव्हापासून वाटतो.

बारावीनंतर पुण्याला तुझ्याकडे राहून प्राणिशास्त्र शिकायचं, हे खूळ तिच्या डोक्यात तूच घातलंस. मी नाहीच म्हणत होते. शेवटी अजेय, बहिणी-बहिणींच्या भांडणात कधी न पडणारा माझा नवरा, म्हणाला, तिघी मिळून कुठेतरी जाऊन या, मनं मोकळी होतील. झाली बरं मोकळी! जीपमध्ये तुम्ही दोघी पुढे, मी मागे. हौसेने तळून नेलेले फणसाचे गरेसुद्धा गाईडने वास नको म्हणून पिशवीतच ठेवायला लावले.

नाल्यापाशी जीप थांबली. वरच्या झाडावर एक वानर खोकल्यासारखं ओरडलं, मग दुसरं. बिबट्या दिसला की वानरं अशी ओरडतात, हे तू सकाळीच समजावलं होतंस. समोरचं गवत हललं. आणि मी उभी राहून टाळ्या पिटत ओरडले, हाऽऽड! हुऽऽर्र! गवतात जे काही होतं ते पसार झालं. गौरी रडवेली होऊन म्हणाली, आई, तुला काही कळतं का गं? गाईडने कपाळावर हात मारला. तेव्हा तूच सगळ्यांना सांगितलंस, की वादळात ताईच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, नव्या रोपांचे कोंब वानरं मोडतात, ती दिवसभर वाडीत थाळी बडवत त्यांना हाकलत असते, सवयीनेच ओरडली बिचारी. सगळी जीप हसली. मीही हसले. तू माझी बाजू घेतलीस, त्याचासुद्धा मला रागच आला.

घरी आल्यावर गौरीला वाईट वाटायला लागलं. बुधवारी म्हणाली, आई, मी नाही जात पुण्याला, श्रीवर्धनच्या कॉलेजात जाते. तू इथे एकटी राबतेस आणि मी तुला चारचौघांत बोलले. आणि मी काय केलं? तिला जवळ घेतलं नि गोडाची खांडवी केली! दोन दिवस इतकी खुशीत होते, की अजेय म्हणाला, वाडीत सोनं सापडलं की काय. काल मात्र तिने तू दिलेली दुर्बीण नीट पुसून खोक्यात घातली, आणि मावशीला परत पाठव म्हणून माझ्या हातात दिली. ते खोकं मी गुपचूप तिच्याच कपाटात ठेवून दिलं.

सुचे, मी सवयीने ओरडले नव्हते. वानरं ओरडली तेव्हा माझं लक्ष गौरीकडे होतं. तिने तुझा दंड घट्ट धरला होता, श्वास रोखला होता. मला वाटलं, आता हिला जे दिसेल ते ही जन्मभर विसरणार नाही, आणि ते तू दाखवलेलं असेल. ते मला बघवेना. म्हणून ओरडले, अगदी समजून उमजून. आज सकाळी गौरीलाही हे सांगितलं. तशी ती उठून बॅग भरायला लागली. रागावलीस का विचारलं तर म्हणाली, हो. उद्याच्या एसटीने ती येतेय, हे पत्र तिच्याच हाती देतेय. तिला ठेवून घे. सुट्टीत पुन्हा दांडेलीला ने, मला बोलावू नकोस. आणि काळा बिबट्या दिसलाच, तर आठ दिवस तरी मला कळवू नका. मला अजून सोसायचं नाही.

तुझीच,
कोकिळाताई