अक्काच्या पत्रातली ओळ

बंगळूर, रविवार, ९ ऑगस्ट १९५९

अक्का आज आनेकलहून तिच्या लेकीचं, लीलाचं पत्र घेऊन आली. बोर्डिंगच्या मुलींनी घरी इंग्रजीतच लिहायचं, असा शाळेचा नियम. अक्काला इंग्रजी येत नाही, म्हणून दर पत्र मीच मराठीत सांगते. आज एक ओळ गाळली. ‘अम्मा, चटणीचा डबा रिकामा झालाय, पण धुतला नाही. तुझी आठवण आली की उघडून वास घेते.’

“दोन पानं भरून इतकंच?” अक्का म्हणाली.

“इंग्रजी लांबतंच, अक्का.”

“सरी, ठीक आहे! मग आपली मराठीच बरी.”

का गाळली मी? माझी कुसुमही परीक्षा देऊन त्याच शाळेत निवडली गेली, पण ती रोज घरी येते. शाळेत काय झालं विचारलं की “काही नाही” म्हणते आणि पुस्तक उघडते. बारा वर्षांत मला असं एक वाक्य मिळालेलं नाही. ते अक्काला मिळालेलं माझ्या तोंडून निघेना. सख्ख्या बहिणीचा हेवा!

अक्का गेल्यावर तिला कार्ड लिहायला बसले. ‘एक ओळ चुकून राहिली,’ असं लिहिलं. मग ‘चुकून’ खोडलं.