शुऐबासमोर उभी बोट

३ जुलै
सुटलो एकदाचा कुवेतमधल्या अब्बासियातल्या सहा जणांच्या खोलीतून! आजपासून ड्युटी शुऐबा बंदराबाहेर नांगरलेल्या बोटीवर. पूर्वी ही हौशी लोकांना दक्षिण ध्रुवाकडचं बर्फ दाखवायला न्यायची. मालक बुडाला, बोट इथं पडून. एसी बिघडू द्यायचे नाहीत, एवढंच काम. सोबतीला राजापूरचे इम्तियाजभाई, जुने वॉचमन. जेवण तेच करतात. आज सुरमई होती. मला गोल खिडकीची स्वतंत्र केबिन. व्हिडिओ कॉलवर चंपाला आणि आमच्या लेकीला, स्वराला, समुद्र दाखवला. चंपा म्हणाली, मजा आहे एका माणसाची.

५ जुलै
जेवताना स्पीकरवर बाई इंग्रजीत बोलली. आज कुठं उतरायचं नाही, समुद्रावरचा निवांत दिवस, डेकवर या. इम्तियाजभाई म्हणाले, जुनी टेप आहे, लागते कधीकधी. वैतागून वायर कापली. बाहेर पन्नास डिग्री, आणि आत बोटं गारठतायत.

६ जुलै
कापलेला स्पीकर बोलला. एसीचा मेन स्विच पाडला, तरी खिडकीला आतून बर्फ. ऑफिसात तौफीकसाहेबांना फोन केला. हसले. कुवेतमध्ये थंडीची तक्रार करणारा तू पहिलाच, म्हणाले. फोटो पाठवले, उघडूनही बघितले नाहीत. काय करावं या माणसाला!

८ जुलै
इम्तियाजभाई डेकवर, आरामखुर्चीत. भर उन्हात प्रवाशांचा जाड लाल कोट घालून. हाका मारल्या. चिडून हात ओढला. गोठलेल्या मासळीसारखा. डोळे उघडे, श्वास नाही. मी जिन्याकडे पळालो, तर मागून त्यांचा आवाज आला —
"बस ना रे. आज निवांत दिवस आहे."
साहेब म्हणतात, ऊन लागलं असेल. उद्या लाँच पाठवतो.

९ जुलै
लाँच आली. जवळ आली — आणि वळली. ओरडलो, शर्ट हलवला. साहेबांना फोन. तेच माझ्यावर चिडले.
"शत्रुघ्न, आत्ता तूच रेडिओवर सांगितलंस ना, इम्तियाज बरा आहे, कुणी येऊ नका म्हणून?"
मी रेडिओला हातही लावलेला नाही.

१० जुलै
ओरडून घसा गेलाय. शब्द फुटत नाही. बोटं बधिर, पेन्सिल मुठीत धरलीय.
चंपाचा फोन आला. हॅलोसुद्धा — नाही निघालं. पण स्पीकर बोलला. मराठीत. माझा आवाज. चंपा हसतेय, त्याच्याशी बोलतेय —
फोन बंद केला. तरी दोघांचं चालूच.
स्वराला घेऊन ये म्हणतोय. ती हो म्हणाली — चंपा, तो मी नाही, मी इथं —