ढलप्यांची टोपली

लेम्पी,
तुला थोरल्या बहिणीची माया. माझी चूल रोज पेटवतेस ना?

लेकाकडे, एर्क्कीकडे मजेत आहे. अंगणातल्या बॉयलरमध्ये लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जळणासाठी आपोआप पडतात, जुनं घर ऊबदार राहतं. विस्तवाला हात लावायचं कामच नाही! मला करमेना. परवा कुणी नसताना गोळ्यांच्या पेटीत मूठभर बर्च झाडाच्या ढलप्या टाकल्या. यंत्र अडकलं, घर गारठलं. नातवंडं कोट घालून जेवली आणि मी वर म्हणते, "तरी सांगत होते, यंत्राचा काय भरवसा!"

एर्क्कीनं आतून ढलपी काढली. सूनबाई पटकन म्हणाली, "माझ्याच हातून पडली असेल." मी आपली नातवाच्या कोटाची बटणं लावत बसले.

आज तिनं ढलप्यांची टोपली माझ्या हातात दिली. "आई, वाफेच्या अंघोळीसाठी सौनाची चूल तुम्हीच पेटवा. तुमच्यासारखी आम्हाला नाही जमत."

टोपली घेतली गं, पण वर बघवेना.

तुझी,
हिल्या