उरलेले अठरा किलो

तीर्थस्वरूप दादांना,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, वहिनींचा खोकला गेला का आणि धाकटीची परीक्षा कशी झाली, हे तिन्ही प्रश्न मनापासून विचारतो आहे. पण उत्तराची वाट बघण्याइतका वेळ हाताशी नाही, म्हणून तिन्हींची उत्तरं चांगली असतील असं धरून पुढे जातो. इकडे आई (म्हणजे तुमच्या आई, सासूबाई असं मी कधी म्हटलं नाही, आता तर मुळीच म्हणणार नाही) ठणठणीत आहेत. मागच्या इमारतीतून रोज संध्याकाळी डबा घेऊन येतात आणि मी जेवायला बसलो की समोर बसून बघतात. मीही ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. ती पाळली असं समजावं.

माझ्याकडून एवढं लांब पत्र आलेलं बघून तुम्ही घाबराल. घाबरू नका, तेवढं काम मी एकटा पुरेसं करतो आहे. आजवर तुम्हाला पत्रं तुमची बहीण लिहायची आणि शेवटी 'सर्वांना नमस्कार' एवढं माझ्याकडून लिहून घ्यायची. तिला जाऊन नऊ महिने झाले, तेव्हा आता वरचा मजकूरही मलाच जुळवायला हवा. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्ही जाणताच. शिवाय फोन घरात, आणि ज्या वेळी तुम्ही मोकळे असता त्या वेळी आई फोनशेजारच्या खुर्चीत.

तर माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आहे, येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी, सकाळी अकराला. किरकोळ आहे असं सगळे म्हणतात. (किरकोळ ऑपरेशन म्हणजे दुसऱ्याचं, असं आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कचं मत आहे.) भीती मला ऑपरेशनची नाही, भुलेची आहे. आणि त्याचं कारण सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

तुम्ही मला शेवटचं पाहिलंत त्यानंतर मी फार वाळलो आहे असं एकूण सगळ्यांचं मत आहे. दूधवाला म्हणतो, किराणावाला म्हणतो, आणि समोरच्या घरातल्या बाई तर नुसत्या 'अरेरे' म्हणून दार लावून घेतात. खरी गोष्ट अशी की गेल्या थंडीत माझ्या दोन्हीकडच्या मिळून चार दाढा काढल्या आणि गाल आत गेले. दातांच्या डॉक्टरांनी केलेलं काम लोक दुःखाच्या खाती घालतात. त्यातून माझं अंग उभट आणि चेहरा लांबट. अशा माणसाचं वजन वाढलं तरी कुठे जातं ते चटकन सापडत नाही. शिवाय तुमची बहीण माझे सदरे नेहमी एक माप मोठे आणायची, धुतल्यावर आटतात म्हणून. ते कधी आटले नाहीत. वीस वर्षं मी त्यांच्यात पोरक्यासारखा हिंडलो. आता पहिल्यांदाच ते मला नीट बसतात, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण नीट बसलेल्या सदऱ्याकडे कोण बघतं?

थोडक्यात, दादा, मी वाळलेलो नाही. मी वाढलो आहे. शहाऐंशी किलो. तिच्या वेळी अडुसष्ट होतो.

हे कसं झालं तेही सांगतो, पण वहिनींना सांगू नका. आजारपणात शेवटचे चार महिने तिने मला पलंगावरून स्वयंपाक शिकवला. भाताचं माप शिकवलं ते दोघांचं: दोन वाट्या तांदूळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. एकाचं माप शिकवायचं राहिलं. (मी विचारलंही नाही. ते कसं विचारणार?) मी एकदा स्वतःच्या अकलेने एक वाटी तांदूळ लावून पाहिला, तो तळाला लागला. तेव्हापासून दोघांचा लावतो, आणि तिच्या वाटणीचा भात टाकवत नाही. म्हणून तो खातो. त्यानंतर आईंचा डबा येतो, 'काही पोटात जात नाही हो तुमच्या' असं म्हणत त्या तो उघडतात, आणि तोही खातो. नाही म्हणणं मला आजवर कधी जमलेलं नाही, तर भरल्या पोटी काय जमणार?

आता दवाखाना. नाव नोंदवायला आई बरोबर आल्या होत्या. टेबलाशी बसलेल्या सिस्टर तरुण होत्या, पण चष्म्यावरून बघायच्या. त्यांच्याकडचा वजनकाटा भिंतीला उलटा टेकवून ठेवलेला होता, त्याचा सेल गेला होता. आई त्यांना सांगत होत्या, 'लेक गेल्यापासून निम्मे झालेत हो माझे जावई. नुसती हाडं राहिलीत.' आणि त्याच क्षणी सिस्टरनी मान वर न करता विचारलं, 'वजन?'

दादा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? शेजारी आई डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. तिथे 'शहाऐंशी' हा आकडा तोंडातून काढायचा म्हणजे त्या पदराचा अपमान. मी म्हणालो, 'अडुसष्ट.' सिस्टरनी आता वर पाहिलं, मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, 'हं, दिसता तेवढेच.' आणि लिहिलं. शाईने.

घरी येताना मला सुटल्यासारखं वाटलं. रस्ता ओलांडताना आठवलं की भुलेचं औषध वजनावर ठरतं. तिथून पुढे मला रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही.

तुम्ही हिशेब करून पाहा. औषध देणार अडुसष्ट किलोच्या माणसाला. म्हणजे माझे अडुसष्ट किलो झोपणार आणि उरलेले अठरा किलो जागे राहणार. कुठले अठरा, हा पहिला प्रश्न. ऑपरेशन जिथे आहे तिथलेच असणार, कारण वाढ तिथलीच आहे. दुसरा प्रश्न वेळेचा. ऑपरेशन दीड तासाचं. मी कागदावर त्रैराशिक मांडलं, तर जवळजवळ एकोणीस मिनिटं भरतात. एकोणीस मिनिटं मी टेबलावर जागा असणार आणि माझ्या स्वभावाप्रमाणे काही बोलणार नाही. समजा बोललोच, तरी काय बोलणार? 'माफ करा, मी तुम्हाला वजन चुकीचं सांगितलं होतं'?

यातली सगळ्यात मोठी लाज वेगळीच आहे. एकतीस वर्षं मी पार्सल खिडकीवर बसतो. लोक पार्सलवर वजन लिहून आणतात आणि मी ते काट्यावर ठेवून खोटं पाडतो, हीच माझी नोकरी. मागच्याच महिन्यात एका गृहस्थांनी 'लोकर, चार किलो' लिहिलेलं खोकं आणलं, ते नऊ भरलं. ते म्हणाले, 'बघा ना साहेब, दिसतंय का नऊचं?' मी त्यांना म्हणालो, 'आम्ही दिसण्यावर जात नाही, काट्यावर जातो.' मागच्या रांगेतले लोक हसले. मला फार बरं वाटलं होतं. आता ते गृहस्थ मला रोज आठवतात.

शहाऐंशी हा आकडाही त्याच काट्यावरचा. दवाखान्यातून आल्यावर पुढचे चार दिवस मी रोज जेवणाच्या सुट्टीत, खिडकी बंद करून, पुन्हा पार्सलच्या काट्यावर उभा राहायचो. वाटायचं, एखाद्या दिवशी त्याला दया येईल. चौथ्या दिवशी शेजारच्या खिडकीवरचा आमचा बातमीदार (खरं नाव कोणी वापरत नाही, त्याच्या कानी गेलेली गोष्ट चहाच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचते) पाण्याची बाटली घ्यायला आत आला आणि त्याने आकडा पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा आकडा. मी उभाच. खाली उतरायचं असतं हेसुद्धा सुचलं नाही.

'काटा बिघडला!' तो ओरडला. 'अठरावीस किलो जास्त दाखवतोय! अरे देवा, सकाळपासून किती पार्सलं गेली?'

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तोवर तो काट्यावर 'बंद'ची पाटी ठेवून साहेबांच्या खोलीत पोचलाही होता. खिडकीवर रांग जिन्यापर्यंत गेली. सकाळी पार्सलं दिलेले दोन जण परत येऊन भांडायला लागले. साहेब स्वतः बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगू लागले, 'या माणसाकडे बघा. हा शहाऐंशी किलोचा दिसतो का?' चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि चाळीसही 'नाही' म्हणाले. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, 'साठाच्या वर एक किलो निघाला तर नाव बदलीन.' मला कधी कोणी निवडून दिलेलं नाही, पण त्या वेळी काय वाटत असेल ते कळलं.

तीन वाजता दुरुस्तीवाला आला. त्याने आपली लोखंडी वजनं एकेक करून चढवली. पाच किलोला पाच. वीसला वीस. पन्नासला पन्नास. शेवटी त्याने मला बोट दाखवलं, 'साहेब, तुम्ही या.' मी चढलो. शहाऐंशी. त्याने काट्याची खालची बाजू पाहिली, मग माझी वरची, पेटी बंद केली आणि म्हणाला, 'काटा बरोबर आहे. माणसात काहीतरी असेल.' हे बोलून तो चहाला गेला. बातमीदाराने त्याचा अर्थ 'हाडं जड आहेत' असा लावून तिसऱ्या मजल्यावर पोचवला, म्हणून वाचलो. पण दादा, त्या दिवसापासून मला माझ्या खिडकीची भीती वाटते. प्रत्येक खोक्याकडे बघताना वाटतं की तेच मला विचारतं आहे, 'आणि तू?'

दवाखान्यात सांगून टाकायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा फोन लावला, तेवढ्यात आई डबा घेऊन दारात, म्हणून मी भेटायच्या वेळा विचारून ठेवला. दुसऱ्यांदा स्वतः गेलो. सिस्टरनी ओळखलं, 'अहो, आणखी उतरलात की!' म्हणाल्या. मी पुन्हा भेटायच्या वेळा विचारल्या.

असं आहे सगळं. काळजी नसावी. पत्राचं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. घरात सगळ्यांना माझा नमस्कार सांगावा.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, पण एक काम केलंच पाहिजे. त्या बुधवारी सकाळी बरोबर दहा वाजता, आम्ही दवाखान्यात असू तेव्हा, आईंना त्यांच्या मोबाइलवर फोन करा आणि दहा मिनिटं बोलत ठेवा. आवाज नीट येत नाही म्हणा, म्हणजे त्या बोलत बोलत बाहेर जातील. तेवढ्यात मी सिस्टरना खरा आकडा सांगून टाकतो. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, बाकीचं तुम्ही वाचलं नाही तरी चालेल.

ता. क. दुसरा. पत्र काल टाकायचं राहिलं, ते बरं झालं की वाईट ते कळत नाही. आज संध्याकाळी आई आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाचा डबा उघडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'जावई, हा डबा मी महिन्याला भरलेला बघते आणि महिन्याला रिकामा बघते. मला काय डोळे नाहीत? दवाखान्यात तुम्ही लाजलात. मी नाही लाजले. तुम्ही चपला घालत होतात तेव्हा सिस्टरला सांगून आले, पंच्याऐंशीच्या खाली धरू नका म्हणून. ती म्हणाली, त्या दिवशी सगळ्यांना वजन करूनच आत घेतात.' मी विचारलं, मग सगळ्यांना निम्मे झाले, निम्मे झाले असं का सांगता? त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, 'तिच्यामागे कोणीतरी वाळलेलं दिसायला नको का? मला तर कोणी विचारत नाही. म्हातारं माणूस वाळतंच, म्हणतात. तुमच्या तोंडाकडे बघून लोक तिची आठवण काढतात. तेवढी राहू द्या.'

मग म्हणाल्या, उद्यापासून डबा आणणार नाही, त्या स्वतःच जेवायला येतील, आणि तो दुसरा भात त्यांना वाढायचा. मी वाढतो म्हणालो. तर आता दहाच्या फोनची गरज उरली नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तरीही फोन करा. दहाला नको, अकराला करा. मी आत असेन आणि आई बाहेरच्या बाकावर एकट्या असतील. मागच्या वेळी त्या बाकावर आम्ही दोघं होतो आणि आत ती होती. दार उघडून कोण बाहेर येतं याकडेच त्या बघत बसतील, म्हणून दहा मिनिटं पुरणार नाहीत, दार उघडेपर्यंत बोलत ठेवा. काय बोलावं सुचलं नाही तर मी किती वाळलो आहे ते विचारा. त्यावर त्या पुष्कळ बोलतात.